घोडं कुठं पेंड खातं?

मराठी माणसाच्या दारातला घोडा केव्हाच गेला. जिभेवरचा मात्र अजून उतरायला तयार नाही. काम एकदाचे पार पडले की आपले घोडे गंगेत न्हाते. उशीर झाला की ते वरातीमागून धावते. कचेरीत निरुपयोगी माणसांची भर पडली की आपण तिला खोगीरभरती म्हणतो, आणि कुठे काही अडले की घोडे कुठे पेंड खाते ते शोधायला निघतो. चाबुकस्वार, नालबंद, पागनीस, शिलेदार ही आडनावे आपल्याच जिन्यात दारांवरच्या पाट्यांवर दिसतात. यांतला चाबुकस्वार म्हणजे नुसता चाबूक मिरवणारा स्वार नव्हे. कोवळ्या, अडाणी घोड्याला चाल आणि रीत शिकवणे हा त्याचा धंदा. आज त्याचे वंशज सकाळची लोकल पकडतात, आणि माथेरानला गेले की मुलांना तट्टावर बसवून आपण दोन हात लांबून चालतात!

घोड्याने आपल्या भाषेला दिलेला सर्वांत नेमका शब्द मात्र मला 'बुजणे' हा वाटतो. भिणे वेगळे, दचकणे वेगळे, बुजणे वेगळे. बुजणारा घोडा एखाद्या वस्तूपाशी, एखाद्या वळणापाशी अंग चोरतो, कान टवकारतो, पाय रोवतो. आणि मग एकतर तसूभर हलत नाही, नाहीतर चौखूर उधळतो. पाहणारा म्हणतो, "काय खोडकर जनावर आहे!" माझी उभी हयात गुरांचा डॉक्टर म्हणून गेली. गाईम्हशींच्या जोडीला घोडीही पुष्कळ हाताखालून गेली. या साऱ्या वर्षांत 'याची खोड मोडून द्या' असे सांगत माणसे माझ्याकडे आली. 'याची भीती घालवून द्या' असे म्हणत एकही आला नाही.

असेच एक गृहस्थ २०१४ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर मी काही महिने माथेरानला मुक्काम केला होता. तिथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुढे तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून माणसांची ने-आण करण्यात घोड्यांचा मोठा वाटा. गृहस्थ घोडेवाले होते, साठीच्या घरातले. सारे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांची घोडी होती चांदणी. कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली होती. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्धच आहे. घोडीच्या गळ्यात आदल्या दिवशीच्या पूजेची झेंडूची माळ अजून तशीच होती.

मामा म्हणाले, "साहेब, काल हिची पूजा केली, आणि दिवाळीला हिला विकायची पाळी आली. एका वळणाला ही पुढं म्हणून जात नाही. श्रावणात एका पोराला पाडलंन्. पोराला लागलं नाही, देवाची कृपा. पण आता अड्ड्यावरचे लोक गिऱ्हाइकाला सांगतात, त्या घोडीवर बसू नका."

सुट्टीची गर्दी सुरू व्हायला जेमतेम अठरा दिवस उरले होते. पावसाळ्याचे चार महिने माथेरानच्या घोडेवाल्याची कमाई थंडच असते. घोड्याचा हरभरा आणि घरचे तांदूळ दोन्ही उधारीवर चालतात. ती उधारी दिवाळीत फिटायची. आणि विकलेल्या बदनाम घोडीचे पुढे काय होते, ते मी नोकरीत पाहिले होते. असे जनावर एका हातातून दुसऱ्या हातात जाते, दर वेळी किंमत उतरते, मालक अधिक गरीब आणि काम अधिक जड होत जाते. शेवट पुष्कळदा वीटभट्टीवर होतो. मामांना हे माझ्याहून जास्त ठाऊक होते. म्हणूनच ते विकण्याचे बोलत होते खरे, पण त्यांचा हात घोडीच्या मानेवरून हलत नव्हता.

घोडा अडला की त्याच्या मनाचा विचार करण्याआधी त्याचे अंग तपासावे, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. जनावराला तोंड आहे, पण तक्रार सांगता येत नाही. जीन पाठीवर एखाद्या जागी रुतत असेल, तंग आवळून काखेत जखम झाली असेल, नाल चुकीचा बसला असेल, तर तो ती तक्रार लाथेने किंवा अडण्याने सांगतो. आपण तिला खोड म्हणतो. मी चांदणीची पाठ दाबून पाहिली, खूर उचलून पाहिले. सगळे ठीक होते. मग तोंड उघडून पाहिले. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडीतून वर येत राहतात आणि चघळण्याने झिजत राहतात. पण सगळीकडून सारख्या झिजत नाहीत. वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड सुरीसारखी होते. चांदणीच्या दोन्ही गालांना आतून व्रण पडले होते. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जाई.

मी कानशीने दाढा घासून दिल्या आणि आठ दिवस तोंडात लोखंड घालू नका, असे सांगितले. मामांनी लगाम दाखवला. साधा होता, काटेरी नव्हता. काटेरी लगामाला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो अजून कुठे कुठे सापडतो, म्हणून पाहून घेतला. दुखण्याचा बंदोबस्त झाला. पण दुखणे गेले म्हणून भीती लगेच जात नाही. दुसऱ्या दिवशी नुसत्या दोरीने चालवत नेली, तरी त्या वळणाच्या चाळीस पावले अलीकडे चांदणी खिळल्यासारखी उभी राहिली.

वळणावर होती एक चहाची टपरी, आणि पावसासाठी तिच्यावर ओढलेली निळी ताडपत्री. वाऱ्याने तिचे एक टोक फडफडत होते. बस्स, एवढेच!

एवढ्याशा गोष्टीला काय भ्यायचे, असे आपल्याला वाटते. कारण आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळा परिसर दिसतो. नाकाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा थोडा भाग काय तो सुटतो. लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला कळत नाही. निळा आणि पिवळा मात्र चांगले कळतात. म्हणजे आपल्याला जिथे हिरवी झाडी आणि तांबडी माती दिसते, तिथे त्याला एकाच जातीचे मळकट रंग दिसत असणार, आणि त्यांत ही निळी ताडपत्री लखलखत असणार. शिवाय हे जनावर उघड्या गवताळ माळावरचे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. पळणे हेच त्याचे शस्त्र. गवतात काही हलले तर आधी पळायचे आणि मग काय होते ते पाहायचे, या हिशेबावर त्याचे पूर्वज जगले. वारा असेल म्हणून थांबलेले वाघाच्या पोटात गेले.

मी मामांना विचारले, "पहिल्यांदा बुजली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार साहेब? चाबूक ओढला. दोन दिले."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जरा अलीकडेच थांबली. मग चार दिले."

घोडे कुठे पेंड खात होते, ते मला तिथे समजले. चांदणीच्या डोक्यातला हिशेब अगदी सरळ होता. ती निळी वस्तू जवळ आली की पाठीवर आग होते. पहिल्या दिवशी तिला नुसता संशय होता. मामांच्या चाबकाने तो सिद्ध केला. नंतर ती दर दिवशी थोडी अलीकडे थांबू लागली. आपणही असेच करू! आपण ज्याला हट्ट म्हणत होतो, ते खरे म्हणजे तिने नीट शिकलेले पाठांतर होते.

हा काही आजचा शोध नाही. झेनोफॉन नावाच्या ग्रीक सेनानीने इ. स. पूर्वी ४ थ्या शतकात अश्वविद्येवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो, की घोड्याजवळ रागाने कधीही जाऊ नये. तो एखाद्या वस्तूला बुजला तर आपण स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि त्याला हळूच जवळ न्यावे. मारून नेले तर दुखणे त्या वस्तूमुळेच होते, असे तो समजतो. तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली ही गोष्ट दर पिढीला नव्याने शिकावी लागते. आपल्याकडेही ही विद्या जुनी. शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्राची परंपरा चालत आली, आणि त्याच्याच नावावरून हिंदुस्थानीत घोड्याच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणू लागले. महाभारतातल्या नलराजाला घोडे उत्तम हाकता येत. त्याच्या विद्येचे नावच मुळी 'अश्वहृदय'. आपल्या पूर्वजांना घोड्याचे हृदय जाणणे ही विद्या वाटली, याचा मला अभिमान वाटतो.

मामा नातवाला घेऊन आले. चौदा-पंधरा वर्षांचा, बोलायला लाजणारा मुलगा. पहिल्या दिवशी आम्ही फक्त एवढेच केले : ताडपत्रीपासून पंचेचाळीस पावलांवर घोडी थांबवली आणि उभे राहिलो. तिचे कान पुढे, मान वर, नाकपुड्या फुललेल्या. कोणी ओढले नाही, कोणी चुचकारलेही नाही. पाच-सात मिनिटे गेली. मग एक कान मागे फिरला, मान थोडी खाली आली, तिने ओठ चघळले आणि लांब श्वास सोडला.

"आता वळव आणि परत चल," मी मुलाला म्हणालो.

मामांना ते पटले नाही. "अहो साहेब, म्हणजे ती जिंकली की!"

"मामा, ही कुस्ती नव्हे."

पण यात एक मेख आहे, आणि सारे शिकवणे त्या मेखेवर उभे आहे. घोडीला परत फिरवायचे ते ती शांत झाल्यावर; पाय आपटत असताना, पिछाडी झाडत असताना नव्हे. त्या वेळी फिरवली तर पाय आपटले की सुटका होते, असे ती शिकेल. शांत झाली आणि त्याच क्षणी मोकळीक मिळाली, तर शांत होण्यात फायदा आहे, असे शिकेल. घोडा दाबाने शिकत नाही. दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणाने शिकतो. तो क्षण चुकला तर धडाच उलटा होतो. गूळ देऊन त्याला खूष करता येते, पण दोरी वेळेवर ढिली करणाऱ्याची किंमत त्याला गुळाहून जास्त असते.

दुसऱ्या दिवशी चाळीस पावले. तिसऱ्या दिवशी पस्तीस. चौथ्या दिवशी चांदणी पुन्हा पन्नासावर थांबली! मामा काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी बाजारपेठेत ते एका गिऱ्हाइकाशी घोडीच्या किमतीचे बोलत होते, असे मला कळले. मी रागावलो नाही. हप्ता त्यांना भरायचा होता, मला नव्हे.

पाचव्या दिवशी मी घोडीकडे पाहायचे सोडून मुलाकडे पाहिले. त्याची मूठ घोडीच्या हनुवटीखाली दोरीवर आवळलेली होती, खांदे वर आले होते आणि श्वास रोखलेला होता. श्रावणात घोडी उधळली तेव्हा दोरी त्याच्याच हातात होती. घोडी ताडपत्रीला भीत होती आणि तो घोडीला.

बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास एका घोड्याची फार ख्याती झाली होती. हान्स त्याचे नाव. त्याचे मालक फोन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक. हान्स बेरीज-वजाबाकीची उत्तरे टापा आपटून देई. ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने तपासले आणि १९०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. घोड्याला गणित येत नव्हते. विचारणारा नकळत मान किंचित झुकवी, तेव्हा हान्स टापा सुरू करी. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके केसभर वर होई, आणि हान्स थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स नापास! लोक हसले. मला मात्र वाटते, की त्या घोड्याला गणिताहून अवघड विद्या येत होती. त्याला माणूस वाचता येत होता. मग ज्याने श्वास रोखला आहे असा मुलगा दोरी धरून शेजारी चालत असेल, तर चांदणीने काय समजावे?

मी त्याला म्हटले, "बाळ, दोरी वीतभर ढिली सोड. आणि काहीतरी गुणगुण."

"काय गुणगुणू?"

"तुला येईल ते. गाणाऱ्याला श्वास रोखता येत नाही."

तो लाजत लाजत एक सिनेमाचे गाणे गुणगुणू लागला. सूर यथातथाच होता. पण चांदणीचा एक कान त्याच्याकडे वळला. त्या दिवशी आम्ही तीस पावलांवर पोहोचलो.

पुढे मामांनीच युक्ती सुचवली. त्यांच्या भावाचे एक म्हातारे तट्टू होते. त्याला आयुष्यात कशाचेच आश्चर्य उरले नव्हते. ते पुढे आणि चांदणी मागे, अशी वरात निघाली. कळपातले जाणते जनावर ज्या वाटेने बिनघोर जाते, ती वाट बाकीच्यांना बरी वाटते. तट्टू ताडपत्रीखाली जाऊन उभे राहिले आणि डुलक्या घेऊ लागले. चांदणी दहा पावलांवर आली.

टपरीवाला भला माणूस. तो म्हणाला, "डॉक्टर, पाऊस तर संपला. ही ताडपत्री काढूनच टाकतो, म्हणजे कटकट मिटेल."

मी त्याला हात जोडले आणि म्हटले, "अजून आठ दिवस काढू नका. जगात निळ्या ताडपत्र्या पुष्कळ आहेत. त्या सगळ्या तुम्ही कशा काढणार?"

बाराव्या दिवशी चांदणीने मान लांब करून ताडपत्रीच्या टोकाला नाक लावले, फुरफुर केले आणि दचकून मागे सरली. पण पळाली नाही. पुन्हा नाक लावले. मग त्या ताडपत्रीखालीच तोबरा बांधून तिला हरभरा दिला. आम्ही हुश्श केले, आणि परत फिरलो तर ती पुन्हा बुजली! जाताना ताडपत्री तिच्या डाव्या डोळ्याला दिसत होती, येताना उजव्या. स्वारांचा जुना अनुभव असा, की घोड्याला एका बाजूने दाखवलेली वस्तू दुसऱ्या बाजूनेही नव्याने दाखवावी लागते. तेव्हा सगळा अभ्यास उजव्या बाजूने पुन्हा केला. या खेपेला चारच दिवस पुरले.

सतराव्या दिवशी नातू तिच्यावर बसला आणि त्या वळणावरून गाणे गुणगुणत गेला आणि आला. वारा होता, ताडपत्री फडफडत होती. चांदणीने एक कान तिच्याकडे वळवला आणि चालत राहिली. मामा टपरीच्या बाकावर चहाचा पेला हातात धरून बसले होते. चहा निवून गेला तरी त्यांनी तो प्यायला नाही.

लहानपणी आपण सर्वांनी अलेक्झांडरची गोष्ट ऐकलेली असते. प्लुटार्कने ती सांगितली आहे. बुसेफेलस नावाचा घोडा तेरा टॅलंट किमतीला विकायला आला, पण कोणाला जवळ येऊ देईना. तो आपल्याच सावलीला बुजतो आहे, हे एका पोरसवदा राजपुत्राने ओळखले. त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, काही पावले त्याच्या बरोबरीने चालला आणि मग उडी मारून बसला. पुढे इ. स. पूर्वी ३२६ मध्ये आपल्या झेलमच्या काठी तो घोडा मेला, तेव्हा अलेक्झांडरने त्याच्या नावाने शहर वसवले. या गोष्टीत लोकांना राजपुत्राचे धाडस दिसते. मला दिसते ते हे, की बाकीचे सगळे घोड्याशी झगडत होते, तेव्हा एक मुलगा घोडा कुठे पाहतो आहे ते पाहत होता.

दिवाळी आली. मुंबई-पुण्याची मंडळी लोटली. चांदणी दिवसभर फिरे. लहान मुले बसत, जाड बायका बसत, फोटो निघत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी अड्ड्यावर होतो. एक हौशी कुटुंब आले. त्यांना संध्याकाळी रोषणाई पाहत बाजारपेठेतून फेरी मारायची होती, आणि पांढऱ्या टिळ्याचीच घोडी हवी होती. मामा म्हणाले, "आता नाही. ही घरी चालली."

"अहो मामा, दुप्पट देतो."

"साहेब, तिला फटाके सोसत नाहीत. ते शिकायला अजून वेळ आहे. उद्या सकाळी या, लांबच्या पॉइंटावर नेतो."

मी त्यांना फटाक्यांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. अठरा दिवसांत ताडपत्री शिकवता येते. आभाळ फुटल्यासारखा आवाज शिकवता येत नाही, आणि काही घोड्यांना तो जन्मभर शिकवता येत नाही. हे मामांनी आपले आपण ओळखले होते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या कमाईच्या संध्याकाळी, उधारी डोक्यावर असताना, दुप्पट भाडे सोडून ते घोडीला घेऊन निघाले. चाबूक त्यांच्या हातात नव्हता. तो कुठे ठेवला, हे मी विचारले नाही.

आपल्यापैकी घोडा पाळणारा क्वचित. पण घोडा आपल्याला भेटतो, आणि नेमका अशाच वेळी भेटतो जेव्हा आपण उत्साहात असतो. सुट्टीत किंवा वरातीत. तेव्हा एवढे करावे. त्याच्या मागून जाऊ नये. तिथे त्याला आपण दिसत नाही. एकदम तोंडासमोरही हात नेऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे, हाताचा वास घेऊ द्यावा आणि मग मानेवर हात ठेवावा. मुलाला वर बसवण्याआधी ओरडू नकोस म्हणून सांगावे. आणि लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या घोडीच्या पायांशी फटाक्यांची माळ लावणारा कोणी उत्साही मेहुणा असेल, तर त्याच्या हातातली काडी आधी काढून घ्यावी. ती घोडी बँड ऐकत, दिव्यांच्या लखलखाटात, अनोळखी माणूस पाठीवर घेऊन उभी असते. ती उभी राहते, हेच तिचे शिक्षण. त्याची परीक्षा आपण घेऊ नये.

घरीदारी आपली जी माणसे एखाद्या वळणावर अडतात, त्यांच्याविषयी मी काही सांगणार नाही. मी गुरांचा डॉक्टर. मात्र कोणी मला 'आमचा पोरगा भारी हट्टी आहे हो' असे सांगू लागले, की मी विचारतो, "तो नेमका कुठे अडतो? आणि तिथे त्याला काय दिसते?"